शंकापेटी : उष्टं ताट आणि चोरट्या चिठ्ठ्या

दोस्तांनो, आमच्या वर्गात खिडकीपाशी बुटांचं एक रिकामं खोकं ठेवलेलं आहे. झाकणाला फट पाडलीय आणि बाजूवर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘शंकापेटी’. ज्याला चारचौघांत विचारायला लाज वाटते, त्याने चिठ्ठी लिहून आत टाकायची. नाव लिहायलाच हवं असं नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा पेटी उघडायची. जी उत्तरं मला येतात ती लगेच सांगते, येत नाहीत ती शोधून काढते, आणि त्यातलीच काही या पानावर तुमच्यापर्यंत पोचतात.

बहुतेक चिठ्ठ्या कशा असतात? ‘दुसऱ्याची जांभई बघून आपल्याला जांभई का येते?’ ‘मुंग्या झोपतात का?’ मध्यंतरी मात्र एक चिठ्ठी निघाली, ती मी मोठ्याने वाचायच्या आधी मनातल्या मनात दोनदा वाचली.

‘बाई, आजोबांना पोटाचा कॅन्सर झालाय. त्यांच्या ताटातलं उष्टं खाल्लं तर मला पण होईल का?’

अक्षर ओळखीचं होतं. चौथीतलाच मुलगा. नाव सांगणार नाही, तसं मी त्याला कबूल केलंय. मी चिठ्ठी वाचली आणि मोठ्या रुबाबात सांगून टाकलं, “कॅन्सर सर्दी-पडशासारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याचा जंतूंशी काही एक संबंध नाही!” वर्ग खूश, बाईही खूश.

सोमवारी मधल्या सुट्टीत हा पठ्ठ्या माझ्या टेबलापाशी हजर. हातात वाण्याकडच्या पुडीचा कागद. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर तेलाचा डाग. मथळ्यात ‘पोटाचा कॅन्सर’ आणि ‘विषाणू’ हे शब्द शेजारी शेजारी! खालचा मजकूर फाटून गेलेला. हाच कागद घरात आधी कुणीतरी वाचला होता, आणि त्या दिवसापासून आजोबांचं ताट आणि पेला वेगळा झाला होता. आजोबा रोज रात्री भाकरीचा वरचा पापुद्रा काढून आपल्या ताटातून याला द्यायचे, तेही बंद झालं होतं.

“बाई, तुम्ही तर म्हणालात जंतूंचा संबंध नाही.”

मुलांनो, मी दोन वाक्यं बोलले होते. पहिलं बरोबर होतं. दुसरं साफ चूक. चुकीचं शिकवलं की ते पुसावं लागतं, आणि फळ्यावरचं पुसणं सोपं, डोक्यातलं अवघड. माझी एक मावसबहीण कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला फोन करकरून, तिच्याकडची पुस्तकं मागवून, तीन रविवार खर्चून मी जे समजून घेतलं ते आज तुम्हाला सांगते. जरा लांबड लागेल. पण गोष्ट अशी आहे की मला स्वतःला मध्येच उठून चहा टाकायचंही सुचलं नाही!

सुरुवात आफ्रिकेतल्या युगांडा देशात होते. तिथे डेनिस बर्किट नावाचे सर्जन लहान मुलांवर उपचार करत होते. कितीतरी मुलांच्या जबड्यांवर मोठाल्या गाठी येत. १९६१ साली बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये या गाठींवर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत अँथनी एप्स्टाइन नावाचे तरुण संशोधक होते. त्यांच्या मनात आलं, यामागे एखादा विषाणू तर नसेल? मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षं तपासले, हाती काही नाही.

१९६३च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. तुकडा पोचायला उशीर झाला आणि बाटलीतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. कुणालाही वाटेल, नासलं, द्या फेकून. एप्स्टाइन यांनी फेकायच्या आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आणि काय! गढूळपणा जिवाणूंचा नव्हताच, गाठीच्या जिवंत पेशी सुट्या होऊन पाण्यात तरंगत होत्या! त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या, आणि १९६४च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात विषाणू दिसला. एप्स्टाइन, त्यांच्या सहकारी इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग या तिघांनी ते छापलं. विषाणूला नाव मिळालं ‘एप्स्टाइन-बार’. अचाँगांचं नाव मात्र विषाणूच्या नावात आलं नाही. हे मला काही बरं वाटलं नाही, म्हणून मी इथे मुद्दाम सांगते. एप्स्टाइन २०२४ साली वारले, तेव्हा त्यांचं वय १०२ वर्षं होतं.

आता घाबरू नका, पण हा विषाणू बहुतेक तुमच्याही अंगात आहे. माझ्याही असणार. जगातल्या शंभर मोठ्या माणसांपैकी नव्वदाहून जास्त जणांत तो असतो. लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना तो अगदी लहानपणी गाठतो. थोडा ताप, थोडा घसा दुखतो, किंवा काहीच होत नाही. मग तो आपल्या काही पांढऱ्या पेशींत दडून जन्मभर मुक्काम करतो, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. एखादा पाहुणा कोपऱ्यात गोधडी अंथरून पडून राहावा तसा!

पण थोड्या लोकांत भलतंच होतं. १९९० सालापासून शास्त्रज्ञांना पोटाच्या, म्हणजे जठराच्या, काही कॅन्सरच्या गाठींत हाच विषाणू सापडायला लागला. सगळ्या गाठींत नाही हं! २०१४ साली २९५ रुग्णांच्या गाठींचा बारकाईने अभ्यास छापून आला, त्यात तो २६ गाठींत होता. म्हणजे शंभरात साधारण नऊ. तुम्ही म्हणाल, नऊ म्हणजे किती थोडे! पण २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ९ लाख ६८ हजार लोकांना जठराचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. त्याचे नऊ टक्के काढून बघा, गणिताचा सराव होईल.

आता खरी गंमत. (कॅन्सरच्या गोष्टीत गंमत म्हणणं बरं नव्हे, पण तुम्ही समजून घ्याल.) हा विषाणू पेशीत शिरून नेमकं करतो तरी काय?

त्यासाठी आधी आमच्या शाळेत चला. हेडसरांच्या खोलीत एक कपाट आहे आणि त्यात एक जाडजूड रजिस्टर. ते खोलीबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. काही काम निघालं की सर त्यातला हवा तो मजकूर एका कागदावर उतरवून देतात. आमच्याकडे शिपाई नाही, त्यामुळे सातवीचा मॉनिटर तो कागद घेऊन वर्गावर्गांत आणि स्वयंपाकाच्या खोलीत जातो. कागदावर लिहिलं असेल ‘आज खिचडीऐवजी वरण-भात’, तर मावशी वरण-भात रांधतात.

आपल्या शरीरातल्या पेशीतही असंच चालतं. मधोमध केंद्रक नावाची खोली. तिच्यात डीएनएचं रजिस्टर. रजिस्टरातली एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. प्रथिनं कशी बनवायची त्याच्याच आपल्याकडे सुमारे वीस हजार नोंदी आहेत. नोंदीची नक्कल केलेला कागद म्हणजे आरएनए. तो केंद्रकाबाहेर येतो, आणि बाहेरच्या स्वयंपाकघरात त्याच्यावरून प्रथिन तयार होतं. पेशीची सगळी कामं ही प्रथिनंच करतात.

पण कधी कधी काय होतं, कागद निघालेला असतो आणि सरांना वाटतं, नको, आज राहू दे. मग ते मागोमाग एक चिटोरं पाठवतात. मॉनिटर ते कागदाच्या शेवटी टाचणीने लावतो. मावशी ते बघतात आणि हात आखडता घेतात. पेशीतही अशी चिटोरी असतात! त्यांचं नाव मायक्रोआरएनए. कागद हजारो अक्षरांचा, आणि हे चिटोरं फक्त २२ अक्षरांच्या आसपास.

ही चिटोरी सापडली एका किड्यात. मातीत राहणारा, एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक किडा. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या दोघांच्या प्रयोगशाळांनी त्याच्यातलं पहिलं चिटोरं उलगडलं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, असेल काहीतरी किड्यापुरतं. पुढे माणसांत, कोंबड्यांत, माशांत, झाडांतही चिटोरी सापडली, आणि २०२४ साली त्या दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. एकतीस वर्षांनी!

चिटोरं योग्य कागदाला कसं चिकटतं, हा खेळ आम्ही वर्गात खेळलो. तुम्हीही खेळा. आरएनएच्या लिपीत अक्षरं चारच : ए, यू, जी, सी. नियम असा, की ए ची जोडी यू शी आणि जी ची सी शी. एका कागदी पट्टीवर मी लिहिलं : जी ए सी यू ए सी सी. मग मुलांना चिटोऱ्या वाटल्या. ज्याच्याकडे सी यू जी ए यू जी जी असेल तोच चिकटणार. (ही अक्षरं खेळासाठी मी रचलेली आहेत, पेशीत शोधायला जाऊ नका.) खऱ्या चिटोऱ्यातही सुरुवातीची सहा-सात अक्षरं जुळली की बरंचसं काम होतं. बाकीची थोडी इकडेतिकडे असली तरी चालतं. म्हणून एकच चिटोरं शेकडो वेगवेगळ्या कागदांना चिकटू शकतं. आणि बहुतेक वेळा कागद बहुधा पूर्ण रद्द होत नाही. प्रथिन कमी बनतं, इतकंच. रेडिओ बंद करायचा नाही, आवाज बारीक करायचा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या कोपऱ्यातल्या पाहुण्याकडे वळू.

विषाणूचं स्वतःचं रजिस्टर पिटुकलं, साधारण एक लाख सत्तर हजार अक्षरांचं. आपलं तीन अब्ज अक्षरांचं. विषाणूने पेशीत बसून स्वतःची प्रथिनं भरपूर बनवली, तर धोका कुणाला? त्यालाच. नव्या प्रथिनाचा माग आपल्या पांढऱ्या पेशींना लागतो. परक्या घरात बोंबील भाजल्यासारखं! मग त्या येऊन ती पेशीच मारून टाकतात. मग सुगावा न लागता आपली मर्जी चालवायची कशी?

२००४ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात सेबास्टियन फेफर, थॉमस तुश्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याचं उत्तर सापडलं. एप्स्टाइन-बार विषाणू स्वतःची चिटोरी लिहितो! सरांच्या चिटोऱ्यांसारखीच हुबेहूब, तेवढ्याच लांबीची. कोणत्याही विषाणूत अशी चिटोरी सापडण्याची ती पहिली वेळ. आणि आगाऊपणा बघा : ती कापायला लागणारी कात्रीसुद्धा त्याची स्वतःची नाही. विषाणू फक्त केसांच्या पिनेसारखी दुमडलेली लांब पट्टी देतो, आणि ड्रोशा व डायसर नावाच्या पेशीच्या दोन कात्र्या ती कापून चिटोरी तयार करतात. पेशीला वाटतं, आपलंच काम चाललंय!

तेव्हा सापडली पाच चिटोरी. पाचच का? तर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं माकडाच्या पेशींत वाढवलेला विषाणूचा जो वाण वापरला होता, त्याच्या रजिस्टरातली सुमारे बारा हजार अक्षरं गळून गेलेली होती. आणि नेमकी बहुतेक चिटोरी त्याच फाटक्या पानांवर! पुस्तक फाटकं असेल तर धडा अर्धाच वाचला जाणार. आमच्या वाण्याच्या कागदाचंही तेच झालं होतं, नाही का? मग २००६ साली पूर्ण पानांचा विषाणू घेऊन शोधलं, तेव्हा आणखी कितीतरी निघाली. आता मोजदाद ४४ वर आहे. त्यातल्या ४० चिटोऱ्यांच्या कुळाचं नाव ‘बार्ट’. जठराच्या कॅन्सरच्या पेशींत विषाणू प्रथिनं अगदी मोजकी बनवतो, पण बार्ट चिटोऱ्यांचा मात्र नुसता पाऊस पाडतो.

या चिटोऱ्या कोणत्या कागदांना चिकटतात? इथे मला तुम्हाला पानगळ आठवायला सांगायचं आहे.

शिशिरात पिंपळाची पानं पिवळी होऊन गळतात. कुणी ओरबाडत नाही. झाड स्वतःच देठाशी गाठ सोडवतं. आपल्या पेशींतही अशीच पानगळ असते. आईच्या पोटात असताना तुमच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा होता. ठरल्या वेळी त्या पडद्यातल्या पेशी शिस्तीत मरून गेल्या, म्हणून आज तुम्हाला पाच सुटी बोटं आहेत आणि माझ्या तासाला तुम्ही त्यांनी बाक वाजवता. १९७२ साली या शिस्तीतल्या मरणाला शास्त्रज्ञांनी जे ग्रीक नाव दिलं, ‘अ‍ॅपॉप्टोसिस’, त्याचा अर्थही गळणंच, झाडाच्या पानांसारखं. म्हाताऱ्या झालेल्या, बिघडलेल्या, विषाणू शिरलेल्या पेशींनी अशीच गाठ सोडून गळून जायचं असतं. बाकीच्या शरीरासाठी ते बरं असतं.

ही गाठ सोडवायला काही प्रथिनं लागतात. त्यांची नावं ऐकून माझा वर्ग हसत सुटला होता : प्यूमा, बिम, बॅड, बिड! प्यूमा हे एका जंगली मांजराचंही नाव आहे, पण इथे तो पेशीचा ‘आता थांब’ सांगणारा नोकर. विषाणूची चिटोरी नेमकी याच नोकरांच्या कागदांना जाऊन चिकटतात. २००८ साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी नाक-घशाच्या कॅन्सरच्या पेशींत दाखवलं की बार्ट-५ हे चिटोरं प्यूमाचं प्रमाण कमी करतं. हा कॅन्सरही याच विषाणूशी जोडलेला आहे. २०१५ साली जठराच्या कॅन्सरच्या पेशींत दिसलं की बार्ट-२० बॅडला आणि बार्ट-४ बिडला दाबतं.

बिमची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. २०११ साली शास्त्रज्ञांनी जठराच्या पेशींत विषाणू घातला, तर बिम कमी झालं आणि औषध दिलं तरी पेशी सहज मरेनात. मग त्यांनी एकेक चिटोरं सुटं घालून बघितलं. एकट्यादुकट्याने बिम काही हलेना! पण एका झुपक्यातली सगळी चिटोरी मिळून घातल्यावर ते कमी झालं. रेडिओचा आवाज एकाने जरासा कमी केला, दुसऱ्याने आणखी जरासा, तिसऱ्याने आणखी, आणि शेवटी बातम्या ऐकूच येईनात! ‘गळून जा’ हा निरोप पेशीपर्यंत पोचतच नाही. मग जी पेशी मरायला हवी ती जगते, तिच्यात बिघाड साठत जातात, ती दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहते. त्याचीच गाठ बनते.

एकट्या चिटोऱ्यांनीच कॅन्सर होतो असं मात्र समजू नका. विषाणू शिरलेल्या गाठींत पेशीच्या रजिस्टरातली कित्येक पानं एकमेकांना चिकटवल्यासारखी बंद झालेली असतात, जनुकांत इतर बिघाडही असतात. चिटोरी हे अनेक हातांपैकी एक. आणि सगळी चिटोरी एकाच बाजूची आहेत असंही नाही. बार्ट-१५ तर उलटंच करतं, पेशीला मरायला मदत करतं! आहे की नाही आमच्या वर्गासारखं? काही चिटोरी विषाणू स्वतःच्याच जनुकांवर टाकतो. वर सांगितलेलं बार्ट-२० विषाणूच्या जागं होण्याच्या जनुकांनाही दाबून ठेवतं. जागा झाला की गोंगाट होणार आणि पकडला जाणार, त्यापेक्षा झोपलेलं बरं.

मुळात माणसाला कॅन्सर व्हावा असा या विषाणूचा डाव नसतो. त्याला डाव रचायला मेंदूच नाही. आपण ज्या पेशीत राहतो ती पेशी मरू नये, एवढ्यासाठी ही चिटोरी. त्याच्या त्या सोयीतून एखाद्याच्या आयुष्यात भयंकर अपघात घडतो.

असो. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. हे सगळं मी त्याला फळ्यापाशी उभं करून, खडूने आकृत्या काढून सांगितलं, आणि मग म्हटलं, आता तूच उत्तर शोध. त्याने बराच वेळ विचार केला.

“बाई, म्हणजे विषाणू उष्ट्यातून येऊ शकतो.”

“येऊ शकतो.”

“पण माझ्यात तो आधीपासूनच असणार.”

“बहुतेक असणार.”

“आणि आजोबांची कॅन्सरची पेशी ताटातून माझ्या पोटात आली तर?”

हा प्रश्न मला सुचलाच नसता! आजोबांची पेशी तुझ्या पोटात गेली तर भाकरीसारखी पचून जाईल. तुझ्या शरीरात ती घर करू शकत नाही, ती परकी आहे. कॅन्सर ताटातून, पेल्यातून, मिठी मारून, शेजारी झोपून लागत नाही. शिवाय आजोबांच्या गाठीत हा विषाणू असेलच असंही नाही, शंभरातल्या एक्क्याण्णवांत तो नसतोच. असला तरी तुझ्या भाकरीच्या पापुद्र्याचा काही दोष नाही.

मग उष्टं खावं का? इथे मावसबहिणीने मला थांबवलं. तिचं म्हणणं मला पटलं. आजोबांची औषधं चालू आहेत. कॅन्सरच्या काही औषधांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी तुझी साधी सर्दी त्यांना महागात पडेल. तेव्हा ताट वेगळं ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण त्यांच्यासाठी. तुला वाचवायला नव्हे, त्यांना जपायला! जेवायच्या आधी हात साबणाने धू. पडसं झालं असेल तर दोन दिवस लांबून बोल. एरवी ताट वेगळं आणि पाट शेजारी. पापुद्रा त्यांनी हात धुऊन, उष्टा न करता, तुझ्या ताटात टाकायचा. यात अडचण काय आहे?

पालकांना एक विनंती करते. हे पान मुलांसाठी असलं तरी तुम्ही वाचता, मला पत्रं येतात. घरात आजारी माणसाचं ताट वेगळं केलं तर ते का केलं हे मुलांना आणि त्या माणसालाही मोकळेपणाने सांगा. न सांगता केलेल्या गोष्टीचा अर्थ मूल आपल्या मनाने लावतं. आणि दुसरं, जठराच्या कॅन्सरमागे या विषाणूपेक्षा कितीतरी मोठा हात आहे तो हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूचा. तो पोटात राहतो हे पटवून द्यायला ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८४ साली तो चक्क पिऊन दाखवला! आजारी पडले, औषध घेऊन बरे झाले, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल घेऊन आले. हा जिवाणू औषधांनी मारता येतो. पोटात दुखणं, जळजळ, भूक मरणं, वजन घटणं हे मोठ्या माणसांत आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर नुसती सोड्याची पुडी घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तंबाखूचं तर तुम्हाला माहीतच आहे, तिचाही यात हात आहे.

डॉक्टर गाठीचा तुकडा तपासतात, तेव्हा हा विषाणू आहे की नाही तेही बघता येतं. त्याच्या आणखी एका छोट्या आरएनएला रंग देऊन शोधतात, असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं गडद दिसतात. त्याचा उपयोग होतो. २०१८ साली दक्षिण कोरियात एका नव्या औषधाचा अभ्यास झाला. ते औषध पांढऱ्या पेशींना लागलेला ब्रेक सोडवतं. ६१ रुग्णांपैकी सहा जणांच्या गाठींत आपला हा विषाणू होता, आणि त्या सहाही जणांच्या गाठी आकसल्या. सहा म्हणजे फार थोडे, हे खरं. पण गाठ कोणत्या जातीची आहे हे कळणं का महत्त्वाचं, ते यावरून दिसतं.

तो वाण्याचा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याची उरलेली अर्धी बाजू काही मिळाली नाही. मुलाने मात्र माझ्या आकृत्या वहीत उतरवून घेतल्या आणि घरी नेल्या. दोन दिवसांनी शंकापेटीत चिठ्ठी होती. अक्षर पुन्हा ओळखीचं. ‘बाई, आजोबा विचारतात, तो किडा एक मिलिमीटरचा होता तर त्याच्यातलं चिटोरं दिसलं कसं?’

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या अंकात. तोवर चार अक्षरांच्या पट्ट्या कापून ठेवा, लागणार आहेत.

तुमची,
बाई